तालात न बसलेलं उत्तर

नऊ जणांनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर द्यावं, आणि तेही कवितेत, म्हटल्यावर कुठल्याही परीक्षकाच्या भुवया वर जाणारच. तशा त्या गेल्या. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेचे नऊ निकाल अडकले आणि त्या नऊ जणांच्या मास्तरांच्या घरी पत्र आलं: मंगळवारी सकाळी दहा वाजता फेरपरीक्षा, शिक्षकांनी जातीनं हजर राहावं.

मास्तरांच्या बायकोनं पत्र दोनदा वाचलं आणि चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"अहो, एक सांगते. तिथं तुम्हाला सत्काराला बोलावलेलं नाही. विचारतील तेवढंच बोला."

"मी काय मुद्दाम जास्त बोलतो?"

"लग्नाला तेवीस वर्षं झाली. मी काही म्हणाले का?"

मास्तर हा माणूस मुळात कवी, त्यातून पेटी वाजवणारा, आणि पोटासाठी इंग्रजीचा शिक्षक. हा त्यांचा तिसरा परका देश. पहिल्या देशात विद्यार्थी शिक्षकासमोर तोंडच उघडत नसत. दुसऱ्यात सगळे एकदम बोलत, आणि मास्तरांचा आवाज कुणाच्या कानावर जात नसे. इथं तर एका वर्गात सात देशांची माणसं. एकाला जे अदबीचं वाटे ते दुसऱ्याला उर्मट. या सगळ्यावर मास्तरांचा एकच जालीम उपाय होता, पेटी. वाक्य चालीत बांधायचं आणि सगळ्यांकडून म्हणून घ्यायचं. कुणी अडकलं की मास्तर उजव्या हातानं मांडीवर ठेका धरत: दोन बोटं, मग थाप. की वाक्य सुरळीत बाहेर. वर्गाला सवयच लागली. बोलायचं म्हणजे आधी मास्तरांच्या उजव्या हाताकडे बघायचं.

इथवर ठीक होतं. पण मास्तरांमधला कवी गप्प बसेना. 'तुम्हाला इथं का राहायचं आहे?' हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. लोकांची उत्तरं काय, तर काम आहे म्हणून, भाऊ इथं आहे म्हणून. मास्तरांना ती फारच रुक्ष वाटली. मग एका रविवारी त्यांनी सगळ्यांसाठी मिळून एक ओळ लिहिली: 'माझी सावली इथं उशिरा पोचली, पण आता तिला वाट ठाऊक आहे.' इंग्रजीत ती आणखी गोड लागे. वर्ग खूश, मास्तर त्याहून खूश. वह्यांमधली जुनी उत्तरं त्यांनी लाल पेनानं खोडली आणि ही ओळ सगळ्यांना पाठ करायला लावली. परीक्षेत बस ड्रायव्हरनं ती म्हटली, बेकरीवाल्यानं म्हटली, भिंती रंगवणाऱ्या दोघा भावांनी तर लागोपाठ म्हटली.

बाकीच्या आठ जणांचं एकवेळ निभावलं असतं. पुढच्या परीक्षेला बसले असते. जीव टांगणीला लागला होता शिवणबाईंचा. त्या हॉस्पिटलच्या चादरी सांधत, पेशंटच्या झग्यांना नाड्या लावत, म्हणून वर्गात त्यांचं हे नाव पडलेलं. त्यांची मुलगी दहा वर्षं मायदेशी आजीजवळ होती. तिला इथं आणायचा अर्ज घेणार तो आईच्या पास झाल्याचा कागद जोडला तरच, आणि मुलगी अठराची व्हायच्या आत. फेरपरीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी मुलीला अठरा वर्षं पूर्ण होत होती. अर्जाची खिडकी मंगळवारी बारा वाजता बंद होणार होती.

मंगळवारी पावणेदहाला मास्तर पोचले तेव्हा शिवणबाई परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. कामावरून तशाच आलेल्या. गळ्यातली मापाची टेप काढायचंही भान राहिलं नव्हतं. ओठ हलत होते. ती सावलीचीच ओळ घोकत होत्या.

मास्तर पुढे वाकले. "ती नका म्हणू," ते हळूच म्हणाले. "ती सोडून काहीही म्हणा."

"मग काय म्हणू?" शिवणबाईंनी विचारलं. "सर, माझ्याकडे दुसरं नाही. तुम्ही खोडलं."

तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायानं मास्तरांना आत बोलावलं.

परीक्षक मॅडम वयानं मास्तरांएवढ्याच असाव्यात. टेबलावर नऊ फायली, एक घड्याळ, रेकॉर्डिंगचं यंत्र. त्यांनी चष्मा काढला.

"ही ओळ कुठल्या पुस्तकातली?"

घरून निघताना मास्तरांनी एक थाप रचून ठेवली होती: जुनं पुस्तक, वाचनालयातलं, आता सापडत नाही. ती जिभेवर आली होती. पण कवीला आपली ओळ दुसऱ्याच्या नावावर घालवत नाही, आणि त्या घटकेला मास्तरांना खरं बोलायला लावणारं कारण बहुतेक हेच होतं, दुसरं काही उदात्त नव्हतं.

"मी लिहिली."

"ओळ चांगली आहे," मॅडम म्हणाल्या.

परदेशातल्या अकरा वर्षांत वर्गाबाहेरच्या कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या ओळीला चांगली म्हटलं होतं. मास्तरांना आतून गुदगुल्या झाल्या, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"पण मला तुमची परीक्षा घ्यायची नव्हती," मॅडम पुढे म्हणाल्या. "मी तुमच्या संस्थेला लिहिणार आहे. आज तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की अन्याय झाला. बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. एक जरी खूण दिसली तर समोरचा माणूस नापास. आणि ती ओळ परत ऐकू आली तरी नापास. पहिल्या बाईंना बोलवा."

शिवणबाई आल्या. खुर्ची अशी होती की मॅडमच्या खांद्यावरून त्यांना मास्तर सरळ दिसत होते. नाव, काम, घरापासून हॉस्पिटलपर्यंतची बस, एवढं त्यांनी सांगितलं. शब्द अडखळत होते, पण गाडी चालली होती. मग मॅडमनी पान उलटलं.

"तुम्हाला इथं का राहायचं आहे?"

शिवणबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तीस सेकंद आहेत," मॅडम म्हणाल्या आणि घड्याळ सुरू केलं. "गप्प राहिलात तर शून्य धरावं लागेल. या प्रश्नाला शून्य म्हणजे नापास."

शिवणबाईंची नजर मास्तरांच्या उजव्या हाताकडे गेली.

हात मांडीवर होता. मास्तरांनी पाहिलं, त्यांची दोन बोटं आधीच उचललेली होती. इतक्या वर्षांची सवय, ती काय विचारून येते? ठेका पडला असता तर सावलीची ओळ शिवणबाईंच्या तोंडून आपोआप निघाली असती. नाही पडला तर या अशाच बसून राहणार. दोन्हीकडून नापास, आणि दोन्हीकडून मास्तरांच्याच पायी. घड्याळाचा काटा टकटक करत होता आणि नेमका त्यालाच ठेका होता.

मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर सगळा भार देऊन बसले.

शिवणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. भर पुरात कुणी हात सोडून द्यावा तशा त्या मास्तरांकडे पाहत राहिल्या. मास्तरांना ती नजर सोसवेना, पण खाली बघितलं तर तीही खूण ठरेल की काय, या धास्तीनं ते तसेच ताठ बसले. दहा सेकंद गेले. पंधरा. आपण एका ओळीच्या हौसेपायी या बाईची मुलगी घालवली, हे मास्तरांना तेव्हा स्वच्छ कळलं.

शिवणबाईंचा हात गळ्यातल्या टेपेवर गेला.

"मी माप घेते," त्या म्हणाल्या. इंग्रजी मोडकंतोडकं, चाल नाही, ताल नाही. "सगळे लोक. डॉक्टर, नर्स, आजारी माणूस. सगळ्यांचं माप मला माहीत. माझी मुलगी, माप माहीत नाही. दर वर्षी ड्रेस शिवते, पाठवते. अंदाजानं. फोटो बघून. कधी मोठा होतो. कधी लहान. ती म्हणते, आई, बरोब्बर बसला. खोटं बोलते. मला कळतं." टेपेचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. "इथं का राहायचं? इथं काम आहे, घर आहे, ती येईल. दारात उभी करीन. आधी माप घेईन."

घड्याळ कधीच थांबलं होतं. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण लिहीत नव्हतं.

"शेवटचा ड्रेस कसा होता?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"निळा. बाही इथपर्यंत." शिवणबाईंनी कोपराखाली बोट ठेवलं. "आता हात लांब झाला असेल. तर इथपर्यंत." बोट वर सरकलं.

मॅडम त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फाइल ओढली, खाली सही केली आणि शिक्का मारला.

"पास," मॅडम म्हणाल्या. "चुका पुष्कळ आहेत. सगळं समजलं. पाच मिनिटं थांबू, मग पुढचे."

बाहेर बाकाजवळ शिवणबाईंनी कागद आधी दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग त्या मास्तरांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज चढला.

"हात का लपवला, सर? मी मेले असते आत."

"ठेका धरला असता तर तुम्ही ओळ म्हटली असती."

शिवणबाईंनी पिशवीतून वही काढली, मधलं पान उघडलं आणि मास्तरांपुढे धरलं. वर शिवणबाईंच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सगळ्यांचं माप मला माहीत. मुलीचं माहीत नाही.' त्यावर लाल रेघ. बाजूला मास्तरांच्या वळणदार अक्षरात: तालात बसत नाही.

मास्तरांना आठवलं. खोडायला त्यांना दोन सेकंदही लागले नव्हते.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "फार चुकलं माझं."

"मग नीट करा," शिवणबाई म्हणाल्या. "लाल पेनानंच. मुलगी वही बघेल."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. इतका वेळ अंगाखाली दाबलेल्या हाताला मुंग्या आल्या होत्या, बोटांत पेन ठरेना. तरी त्यांनी 'तालात बसत नाही' हे खोडलं आणि शिवणबाईंच्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली. ती भलतीच वाकडी आली. शिवणबाईंनी ती निरखून पाहिली, वही पिशवीत घातली, आणि अर्जाची खिडकी बंद व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून गळ्यातल्या टेपेसकट धावत सुटल्या.