गोंद अजून ओला आहे

आमच्या घरात दोन खोल्यांत दोन धंदे चालतात आणि मधल्या दारातून भांडणं ये-जा करतात. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, लोकांची वाढलेली पोटं त्यांच्याच जुन्या पँटींत बसवून देणं, हे माझं काम. मागच्या खोलीत नवऱ्याचं टेबल. तो इमारतींची मॉडेलं बनवतो. इमारत उभी राहायच्या आधी ती कशी दिसेल ते पुठ्ठा, फोम आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये करून दाखवायचं. त्याच्या टेबलावरची झाडं अंगठ्याएवढी, मोटारी नखाएवढ्या, आणि माणसं इतकी चिमुकली की एकदा मी शिंकले तर बाकावर बसलेलं आख्खं कुटुंब कपाटाखाली गेलं. त्यावरून तो माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नव्हता.

तिसरे बाबा, म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर शहरात बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, आधी कडा गेल्या, मग मधलंही पुसलं गेलं. डोळे गेले, पण ड्रायव्हरचा ताठा गेला नाही. हात धरून चालवलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. "एवढी वर्षं मी लोकांना नेलं," म्हणायचे, "आता मला कुणी प्रवासी करू नका." रस्त्यात काठी असायची, पण ती काठी कमी आणि हॉर्न जास्त. गल्लीतल्या लोकांच्या पोटऱ्यांना विचारा.

ती काठी ते एकाच ठिकाणी बाजूला ठेवायचे. आमची गल्ली संपते तिथे मोठा रस्ता, रस्त्यापलीकडे मैदान, आणि मैदान संपतं तिथे समुद्र. मैदान म्हणजे काही बाग नव्हे. दाबल्या गेलेल्या मातीवर आखूड गवत, मध्ये एक झाड नाही, बाक नाही, खड्डा नाही. शोभेचं काहीच नसल्यामुळे वरच्या लोकांचं तिकडे कधी लक्ष गेलं नाही, आणि तेच बरं होतं. रोज सकाळी मी बाबांना रस्ता ओलांडून द्यायचे, कोपराला कोपर लावून, हात न धरता. फाटकाच्या खांबाला ते काठी टेकवायचे आणि सुटायचे. समोर समुद्राचा आवाज, मागे गाड्यांचा, डाव्या गालावर वारा. पायाखाली वाळू लागली की वळायचं. आदळायला काही नाही, पडायला काही नाही. चेंडू खेळणारी पोरं ओरडायची, "आजोबा, राइटला!" आणि बाबा हात दाखवून वळायचे, अगदी बस वळवल्यासारखे.

एकदा मी त्यांना धावताना पाहिलं. दोन्ही हात मोकळे सोडलेले, शर्ट वाऱ्याने फुगलेला, तोंड उघडं. मी फाटकाशी उभी राहून रडले. परत येताना त्यांनी विचारलं, "सर्दी झालीय का गं?" मी हो म्हणून टाकलं.

घराचा एक नियम होता. बाबांची बोटं फिरल्याशिवाय एकही मॉडेल घराबाहेर जायचं नाही. बाबांचे डोळे गेले तेव्हा नवऱ्यानेच तो घालून दिला होता. काम पुरं झालं की तो हाक मारायचा, "बाबा, गोंद वाळलाय." मग बाबा हात धुऊन, नीट पुसून टेबलाशी यायचे आणि बोटांच्या टोकांनी इमारत चढायचे. "दार कुठंय? हां, सापडलं. आणि ही बाल्कनी माणसासाठी आहे की कबुतरासाठी?" नवरा तक्रार करायचा, पण बाबांनी मान डोलावल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

मग गेल्या वर्षी मैदानाच्या फाटकावर बोर्ड लागला. मॉल, सिनेमागृहं, हॉटेल, वर काचेचे मनोरे. नगरपालिका ती जागा एका कंपनीला देणार होती. सगळ्या गल्लीचं डोकं फिरलं. आमच्या समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. त्यांनी लोक गोळा केले आणि पहिल्याच बैठकीत मला कामाला जुंपलं. "तुझ्याकडे मशीन आहे. बॅनर तू शिवायचे." हेडबाईंना नाही म्हणायची कुणाची टाप नाही. मी घरोघरच्या जुन्या चादरी जोडायला बसले.

आणि नेमकं तेव्हाच नवऱ्याला मोठं काम मिळालं. कसलं? त्याच मॉलचं मॉडेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबांचं मैदान तू चिकटवून विकणार?"

"मी विकत नाहीये. मी मॉडेल बनवतोय. मी नाही बनवलं तर दुसरा बनवेल, आणि तो झाडंसुद्धा वाकडी लावेल."

"लावू दे की वाकडी!"

"दुसरं काम आहे का माझ्याकडे? आता सगळे कॉम्प्युटरवरच दाखवतात. तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. म्हणूनच जास्त राग आला. पुढे कितीतरी दिवस एका खोलीत विरोध शिवला जात होता आणि दुसऱ्या खोलीत मॉल चिकटवला जात होता. बाबा मधे खुर्ची टाकून चहा प्यायचे. "सत्ताधारी आत, विरोधी पक्ष बाहेर," म्हणायचे, "आणि सभापतीला कुणी बिस्कीटसुद्धा देत नाही." आम्ही दोघंही हसायचो, एकमेकांकडे न बघता. पण सकाळी फाटकाशी काठी टेकवताना बाबांचा हात घुटमळायला लागला होता. एकदा म्हणाले, "ही जागा गेली ना पोरी, तर मग मी खरंच आंधळा."

एका संध्याकाळी नवऱ्याने मला आत बोलावलं. मॉडेल जवळजवळ तयार होतं. मी वाकून वरून पाहिलं. कडेला मनोरे, पलीकडे वार्निशचे थरावर थर देऊन केलेला समुद्र, हात लावला तर भिजेल असा, आणि मधे हिरवागार मोठा चौकोन. रंगवलेला बारीक भुसा, त्यावर फिरायला आलेली चिमुकली माणसं.

"हे काय?"

"मैदान," तो ब्रश पुसत म्हणाला. "लोकांसाठी खुलं राहणार आहे."

माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. धावत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला, पण दुसऱ्याच्या सांगण्यावर गाडी मागे घेणाऱ्यातले ते नव्हेत. लगेच उठून हात धुवायला लागले.

"गोंद अजून ओला आहे, बाबा," नवरा आतून म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही गोंद ओलाच होता. मग कंपनीचा टेम्पो आला आणि मॉडेल गेलं. बाबांनी धुतलेले हात मांडीवर ठेवले. मी नवऱ्याला चांगलं झाडलं, घरचा नियम मोडलास म्हणून. तो टेबलावरचा भुसा झाडत राहिला. मला वाटलं, कंपनीने घाई केली असेल. दुसरं काही माझ्या डोक्यातच आलं नाही.

जनसुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. हॉल खच्चून भरलेला. भिंतींवर माझे बॅनर. एकावर कुणाच्या तरी चादरीची जांभळी फुलं अक्षरांमधून डोकावत होती. पुढे टेबलावर मॉडेल, पारदर्शक झाकणाखाली, आणि समोर पाटी: हात लावू नये. कंपनीतर्फे एक तरुण आला होता. हेडबाई त्याला तोंडावरच "अहो टायवाले" म्हणत होत्या आणि तो बिचारा ओ देत होता.

लोक रांगेने येऊन वरून बघत होते. हिरवं दिसलं की चेहरे सैल पडत होते. "मैदान ठेवतायत की," अशी कुजबुज सुरू झाली. हेडबाईंचाही आवाज एक पट्टी खाली आला. आणि मी, एवढे बॅनर शिवणारी मी, शेजारणीला सांगत होते, "बघितलंस? आमच्या ह्यांनी केलंय."

"इथली एक इंचही हिरवळ कमी होणार नाही," टायवाला म्हणाला. टाळ्यासुद्धा पडल्या.

तेव्हा बाबा उठले. काठी ठोकत थेट टेबलापाशी गेले. "मला बघायचंय."

"या ना काका. मी तुम्हाला सगळं समजावून सांगतो."

"सांगू नका. बघायचंय." त्यांनी हात पुढे केला. तो झाकणावर आपटला.

"सॉरी, हात नाही लावता येणार. फार नाजूक असतं ते."

बाबांचा तळवा झाकणावरच होता. नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मला वाटलं, आता चक्कर येऊन पडतोय. पण तो चालत पुढे आला, टायवाल्याला हाताने बाजूला केलं, झाकण उचललं आणि जमिनीवर ठेवलं.

"बाबा," तो म्हणाला, "गोंद वाळलाय."

बाबांची बोटं रस्त्यावरून निघाली. फाटक शोधलं. फाटकातून आत गेली आणि थबकली. तिथे भिंत होती. बोटं भिंत चढायला लागली. दुकानांच्या काचा, पायऱ्या, पुन्हा काचा, पुन्हा पायऱ्या. मग वर भुसा लागला. भुशावरून ती सावकाश समुद्राकडे सरकली, आणि वाळू लागायला हवी तिथे भसकन खाली, हवेत गेली. बाबांनी हात मागे ओढला आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"हे मैदान नाही," ते म्हणाले. "ही गच्ची आहे."

"तसं म्हणजे... वर गार्डन आहे, काका," टायवाला चाचरला. "खाली दुकानं आणि पार्किंग. पण हिरवळ तेवढीच आहे. कठडासुद्धा असेल."

"गच्चीला कड असते हो." बाबांचा आवाज एकदम लहान झाला होता. "मी तिथं धावायचो."

मग जो गदारोळ उठला तो विचारू नका. लोक गुडघ्यांवर बसून मॉडेल बाजूने बघायला लागले. इतका वेळ सगळ्यांनी वरूनच पाहिलं होतं, मीसुद्धा. हेडबाईंनी असा आवाज लावला की आख्खा वर्ग उभा राहिला असता. सुनावणी आवरती घ्यावी लागली.

घरी येताना मी नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नकाशात उंची लिहिलेली असते," तो म्हणाला.

"मग आधी का नाही बोललास?"

"घर चालवायचं होतं." थोडं चालून म्हणाला, "मला वाटलं, बाबांना सांगू, गवतच आहे म्हणून. मग त्यांनी हात धुतले."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. रस्त्यात दोन्ही करता येत नव्हतं, म्हणून मी नुसती त्याच्या शेजारून चालत राहिले.

मंजुरी थांबली. हेडबाईंनी गल्लीला चहा पाजला. कंपनी कोर्टात गेली. आणि नवऱ्याचा फोन वाजायचा बंद झाला. आपल्याच मॉडेलचं झाकण उचलणाऱ्या माणसाला काम कोण देणार? त्याचं टेबल स्वच्छ पडून राहिलं. सकाळी वेळच वेळ, म्हणून तोही आमच्याबरोबर मैदानावर यायला लागला.

परवा आम्ही तिघं गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मला समोर दिसलं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रे उभे केलेले, उंच, निळे. फाटकाच्या जागी पाटी होती: प्रकरण न्यायालयात असल्याने प्रवेश बंद. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. दोघांनाही तोंड उघडवेना, आणि तेवढ्यात आमचा रस्ता ओलांडूनही झाला.

बाबाच थांबले. त्यांनी मान डावीकडे वळवली, गाल पुढे केला. "वारा कुठं गेला?" मग कान दिला. "समुद्र लांब का ऐकू येतोय?"

काठी पत्र्यावर वाजली. त्यांनी तळवा टेकवला, वर जेवढा पोचेल तेवढा नेला, बाजूला नेला. पत्रा संपत नव्हता.

"कधीपर्यंत?"

"केस संपेपर्यंत, बाबा," नवरा म्हणाला.

बाबांना कोर्ट माहीत होतं आणि स्वतःचं वयही. फाटकाच्या खांबाला टेकवायची काठी त्यांनी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, आणि उजवा हात मुलाच्या दिशेने पुढे केला.

"हात दे."

नवऱ्याने हात दिला. बाबांनी सवयीने त्याच्या बोटांची टोकं चाचपली, एकेक करून. वाळलेल्या गोंदाचे खवले तिथे कायम असायचे. आता नव्हते. बाबांना कळलं, आणि बाबांना कळलंय हे नवऱ्यालाही कळलं. त्याने हात काढून घ्यायला बघितलं, पण बाबांनी सोडला नाही.

"चल," ते म्हणाले. "ने मला कुठंतरी."