माणूस आणा, टीव्ही न्या

चर्चमध्ये खुर्च्या जास्त आणि माणसं कमी, हे दुखणं काही कालपरवाचं नव्हतं. पण या वेळी पाळकसाहेबांनी त्यावर नामी युक्ती काढली. जो नवा माणूस येऊन उपासना संपेपर्यंत बसेल त्याला मिक्सर, आणि जो सगळ्यांत जास्त नवी माणसं आणेल त्याला भिंतीएवढा टीव्ही! कमिटीने टाळ्या वाजवल्या. त्यात सगळ्यांत जोरात वाजत होत्या त्या गाडीमास्तरांच्या.

गाडीमास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, शिक्षक आणि शिपाई, सगळं एकच. टीव्हीचं नाव ऐकल्यापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. बायकोने तर हॉलमधलं कपाट सरकवून भिंत मोकळीही करून ठेवली.

"अगं, अजून मिळालाय कुठे?" मास्तर म्हणाले.

"मिळाल्यावर कपाट सरकवायला तुम्ही घरी असणार आहात का?" बायको म्हणाली.

आता गाडी शिकायला आलेला माणूस आधीच बिचारा. हात स्टिअरिंगवर, जीव मुठीत, आणि शेजारून मास्तर विचारतायत, "रविवारी चर्चला येणार ना?" नाही म्हणायची कोणाची छाती होणार? दुसरा ब्रेक मास्तरांच्या पायाखाली! "येतो, मास्तर, येतो, पण समोर ट्रक आहे," असं म्हणत एकेक जण गळाला लागत गेला.

कॅशियरबाईंची गोष्ट वेगळी होती. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. नवरा वारला, त्याची गाडी खाली धूळ खात उभी राहिली, म्हणून त्या शिकायला आल्या. एकदा सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मास्तरांनी पाहिलं, तर बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

"बाई, रविवारी घरात एकट्या बसू नका. आमच्याकडे या. चार माणसांत बरं वाटेल."

बाईंनी डोळे पुसले आणि मान हलवली. मास्तरांनाही गलबलून आलं होतं, हे अगदी खरं. पण खोटं कशाला सांगा, दुसऱ्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, चला, आणखी एक वाढला!

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाणी काय, गर्दी काय, पुढे टेबलावर मिक्सरची खोकी काय, नुसती धमाल! दारात कमिटीच्या एक बाई नव्या माणसांच्या छातीवर बिल्ले लावत होत्या. बिल्ल्यावर नाव आलेल्याचं नव्हतं, आणणाऱ्याचं होतं. म्हणजे मोजायला सोपं.

कॅशियरबाई ठेवणीतले कपडे घालून अगदी वेळेवर आल्या. बिल्ल्यावर 'गाडीमास्तर' हे वाचून त्या थबकल्या.

"हे काय?"

"अहो, कोणी किती माणसं आणली ते कळायला. तुमचे मास्तरच टीव्ही नेणार बघा," कमिटीच्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

कॅशियरबाईंनी बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि आल्या पावली परत फिरल्या. मास्तरांनी आतून ते पाहिलं आणि धावत जाऊन त्यांना फाटकापाशी गाठलं.

"बाई, काय झालं? कोणी काही बोललं का?"

"कोणी काही बोललं नाही. मी आयुष्यभर नोटा मोजल्या, मास्तर. आज मला कोणी मोजलं, तेव्हा कळलं कसं वाटतं ते."

मास्तर ओशाळले. "अहो, तसं नाही. हेतू चांगला आहे. माणूस एकदा आत आला की पुढचं देव बघतो. शिवाय उपासना संपेपर्यंत बसलं की गरिबाला मिक्सर मिळतो, त्यात वाईट काय?"

"काहीच वाईट नाही. गरिबाला द्यायचा तर दारातच द्या, आणि बसायचं की जायचं ते त्याला ठरवू द्या. तासभर बसलास तरच मिळेल म्हटलं, की तुम्ही त्याला कामावर ठेवलंत. आणि माझं विचाराल तर मला मिक्सर नको होता. त्या दिवशी तुम्ही गाडी थांबवलीत. मला वाटलं, या माणसाला माझं दुःख दिसलं. तेव्हा तुम्हाला टीव्ही दिसत होता का? खरं सांगा."

मास्तरांना दोन्ही दिसत होतं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात आत उपासनेआधीच बिल्ले मोजून झाले आणि लाउडस्पीकरवर त्यांच्याच नावाचा पुकारा झाला. टीव्ही त्यांनीच जिंकला होता! लोक टाळ्या वाजवत होते, बायको पहिल्या रांगेत उभी राहून हात हलवत होती.

मास्तर आत गेले. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "हा टीव्ही मला नको. मी माणसं आणली नाहीत. मी त्यांना अडकवलं. ज्यांना माझ्या गाडीत बसून नाही म्हणता आलं नाही, त्या सगळ्यांची मी माफी मागतो. आणि एका बाईंची तर फारच मोठी."

बायको हळूच खाली बसली. पाळकसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. त्यांनी एकदा खोक्यांकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतः माईक घेतला.

"चूक मास्तरांच्या आधी माझी आहे. रिकाम्या खुर्च्या बघून मी घाबरलो होतो. मंडळी, बिल्ले काढून टाका. ज्यांना मिक्सर हवा त्यांनी आत्ताच न्यावा आणि खुशाल घरी जावं. देवाच्या घरात अट नको. टीव्ही उद्या दुकानात परत जाईल."

बरीच माणसं उठली. मास्तरांचे शिकाऊ तर कुठेही न धडकता इतक्या सफाईने बाहेर पडले, की मास्तरांना रडावं की हसावं कळेना. काही जण मात्र मिक्सर न घेता बसून राहिले. काही जण तो मांडीवर घेऊन बसले, आणि त्यांना कोणी काही बोललं नाही.

कॅशियरबाई दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या आत आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. मास्तर मान खाली घालून बाजूने निघाले होते, तर त्यांनी हाक मारली.

"मास्तर, पळता कुठे? मला यातलं काही येत नाही. गाण्याचं पुस्तक कुठून उघडायचं ते तरी दाखवा."

मास्तर त्यांच्या शेजारी बसले, पुस्तक उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. गाणं संपेपर्यंत त्यांनी ते हलवत ठेवलं. बायको पुढून उठून आली आणि बाईंच्या दुसऱ्या बाजूला बसली.

वाचकहो, चर्च असो, मंडळ असो की संस्था, माणसं यावीत असं कोणाला वाटत नाही? जरूर बोलवा. पण आमिष दाखवून बोलवू नका, आणि आलेल्या माणसाच्या जिवावर बक्षीस मिळवू नका. ज्याला मनापासून बोलावलं, त्याच्या शेजारी जाऊन बसा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.