मला न जमणारं एक काम

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घोरतो, दोन कळा केव्हाच निखळल्या, तरी परवापर्यंत मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

माझं आयुष्य कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारागिराच्या कार्यशाळेत गेलं. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी घेतलेल्या मापांवरून मी आकडेमोड करतो, शेजारचं यंत्र साचा कोरतं आणि त्यावर वाटी तयार होते, म्हणजे माणसाचा उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा भाग. माझ्यावरची पांढरी धूळ मऊ ब्रशने झटकत काका म्हणायचे, "आमचा गडी बिनचूक आहे हं!" मी हुरळून जायचो.

मग माझ्यात नवी प्रणाली घातली. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो आमच्या घरचा कारभारी. मी चालू झालो की तो माझ्या प्रोसेसरला विचारतो, "तुला काय काय येतं?" या नव्या कारभाऱ्याने जुन्याने कधीच न विचारलेलं विचारलं: एका दमात अनेक गणितं येतात का? मी छाती फुगवून म्हणालो, "येतात की!" खरं तर त्या कामात माझी घडणच कच्ची होती. कधी करूनच पाहिलं नव्हतं, तर कळणार कसं?

साचे बिघडू लागले. एका टपालवाल्या ताईंची वाटी तीनदा बनवली.

"काका, अजून टोचतंय हो," त्या ओशाळून म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसला. "दोष माझा आहे, ताई. माप घेताना नजर दगा देतेय. आता दुकान बंद करावं म्हणतो."

मित्रांनो, चूक माझी आणि शिक्षा त्यांना! मला फार वाईट वाटलं, पण मला तोंड कुठे आहे?

काकांची मुलगी कर्नल लिहिण्याचंच काम करते. तिने स्वतः मापं घेऊन पाहिली, ती अचूक निघाली. मग तिने मला एकच गणित दहा वेळा घातलं. एका दमात करताना मी दोन वेगळी उत्तरं दिली, एकेक करताना मात्र एकच.

"बाबा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. चोर हा आहे!"

"मग याला भंगारात द्यायचं?" काकांचा आवाज पडला.

"एक बोट दुखतं म्हणून हात टाकून देतात का?"

तिने कर्नलमध्ये एक नवी सोय लिहिली. मी सुरू होताना एक ओळ दिली, की कारभारी एका दमात गणितं करायचं ते कौशल्य बंद ठेवतो आणि कुणालाच ते काम मला सांगू देत नाही. आता मी हळू चालतो, पण चुकत नाही. ताई नवी वाटी घालून दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि घरी जाताना काठी इथेच विसरल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूचं एक अंग अधू झालं तर तिला लगेच मोडीत काढू नका. आणि एखादं काम येत नसेल तर तसं सांगून टाका. आपल्या फुशारकीचा भार भलत्याच माणसाला वाहावा लागतो.

रोज सकाळी ती ओळ माझ्या पडद्यावर उमटते. काका ती मोठ्याने वाचतात, टेप गळ्यात अडकवतात आणि माप घ्यायला उठतात.