सुभेदारांना थांबायला सांगितलं होतं

"ज्याने मरणाशी रोज हातमिळवणी केली, त्याला या जगात भिण्यासारखं काही उरत नाही!"

निरोपसमारंभात कर्नलसाहेबांनी असं ठणकावून सांगितलं आणि तिसऱ्या रांगेतल्या सुभेदारांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. टाळ्या ओलसर वाजल्या, कारण तळहातांना घाम फुटला होता. जेवणानंतर 'नागरी जीवनाची तयारी' या विषयावर वर्ग होता आणि त्यात म्हणे प्रश्न विचारणार होते.

सुभेदार सुरुंग काढणारे. जमिनीवर पालथं पडायचं, बोटांनी माती बाजूला सारायची आणि आत पुरलेला जिवंत सुरुंग झोपलेल्या तान्ह्या बाळासारखा अलगद उचलायचा, हे त्यांचं नोकरीभराचं काम. पलटणीत त्यांना 'बोका' म्हणत, कारण पाऊल टाकायचे तेही जमिनीची परवानगी घेतल्यासारखं. न घाबरणारा माणूस असा त्यांचा लौकिक होता. लौकिक साफ खोटा होता. ते दर वेळी घाबरत. पण ती भीती कामाची होती. हात कुठे घालायचा नाही, ते ती बरोबर सांगायची. वर्दी उतरणार म्हटल्यावर आलेली ही नवी भीती मात्र काहीच सांगत नव्हती. नुसती पोटात मुक्काम ठोकून होती.

वर्ग घ्यायला आलेल्या बाई आर्थिक सल्लागार होत्या. वयाने सुभेदारांच्या लेकीएवढ्या. त्यांनी फळ्यावर एक घर काढलं, त्याला दोन खिडक्या काढल्या आणि विचारलं, "तुमचा महिन्याचा घरखर्च किती?"

सगळ्या माना एकदम वह्यांत गेल्या.

"अंदाजे सांगा."

"मिसेसना विचारावं लागेल, मॅडम," मागून एक हवालदार म्हणाला.

"बरं, घरभाडं?"

"तेही मिसेसच…"

"गॅस किती दिवस पुरतो, ते तरी?"

"गॅस संपतो का, मॅडम?" कोणीतरी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं.

बाईंनी खडू खाली ठेवला. "हे बघा, इतकी वर्षं जेवण, कपडे, बूट, अंथरूण सगळं तुम्हाला मिळत गेलं. बाहेर असं कोणी देत नाही. निवृत्तीची रक्कम एकदम हातात पडेल तेव्हा खूप वाटेल. ती खूप नसते. दुसरी नोकरी शोधा. आणि मुलाखतीत पगार किती हवा असं विचारलं, तर कृपा करून गप्प बसू नका."

आपल्याला किती हवं, हे आजवर सुभेदारांना कोणीच विचारलं नव्हतं. ताटात जे पडेल ते खायचं आणि पायात जो येईल तो बूट आपल्या मापाचा म्हणायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

घरी आले तर तिथे आणखी एक संकट जिना चढून बसलेलं. त्यांची बायको शाळेच्या कार्यालयात कारकून होती आणि लेकीला घेऊन बरीच वर्षं या माडीवरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. सुभेदार सुट्टीपुरते येत. आता लेक नर्सिंग शिकायला होस्टेलवर गेली होती आणि खाली राहणारे घरमालक काका या खोल्या विकायला निघाले होते. काका सज्जन होते, त्यामुळे आधी यांना विचारलं. पण सज्जनपणालाही मुदत होती. मंगळवारी सहा वाजता येऊन उत्तर घेणार. नाही म्हणालात, तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

निवृत्तीची थोडी रक्कम घालायची, थोडी अडीअडचणीला ठेवायची, बाकीचं कर्ज काढायचं, असं बायकोने ठरवलं होतं. बँक म्हणाली, साहेबांच्या नव्या नोकरीचं पत्र आणा. आणि मुलाखत नेमकी मंगळवारीच दुपारी होती. एका शीतगोदामात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा. म्हणजे डोक्यावरचं छप्पर आता सुभेदारांच्या जिभेवर टेकलेलं.

मंगळवारी सकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांची मुलाखत घेत होती.

"बोला, पगार किती हवा?"

"जो नियमाप्रमाणे असेल तो."

"नियम तुमच्या पलटणीत. इथे घासाघीस असते. पुन्हा. किती हवा?"

"तूच सांग, किती सांगू?"

"अहो, मग मी काय तिथे टेबलाखाली बसू?"

सुभेदारांनी या शक्यतेचा क्षणभर गंभीरपणे विचार केला.

शेवटी तिनेच एक आकडा ठरवला आणि शाळेतल्या पोराकडून घोकून घ्यावा तसा त्यांच्याकडून घोकून घेतला. "आणि ताठ उभे राहू नका. साहेब बसा म्हणाले की बसायचं."

"नाही म्हणाले तर?"

"तरी बसायचं!"

हे सुभेदारांना मुळीच पटलं नाही, पण वाद घालण्याएवढी हिंमत त्यांच्यात नव्हती.

"आणि सहाच्या आत या हो. काका समोर बसले, की मी एकटी काय बोलू? हातची जागा जाईल."

एकाच टॉवेलची ती तिसऱ्यांदा घडी घालत होती, हे सुभेदारांच्या नजरेतून सुटलं नाही. म्हणजे हिलाही भीती वाटतेय. घरात एक तरी न घाबरणारं माणूस आहे, या भरवशावर ते आजवर सीमेवर निवांत घाबरत आले होते.

गोदामाच्या फाटकावर मोबाइल काढून घेतला. आत मॅनेजर बसला होता. तरणाताठा, हसतमुख, अंगात जाड स्वेटर.

"या सर, बसा ना."

सर कोण आले, म्हणून सुभेदारांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"सांगता येत नाही, साहेब. आमच्या कामात एक वीत पुढे बघतात. त्याच्या पुढे बघितलं, की वितीतलं राहून जातं."

मॅनेजरने कागदावर काहीतरी लिहिलं. सुभेदारांनी मान लांब करून ते उलटं वाचायचा प्रयत्न केला.

"आणि पगाराची अपेक्षा?"

आकडा जिभेच्या टोकावर होता. पण मॅनेजरचे डोळे समोर आले आणि त्या आकड्याकडे बघवेना. जास्त असला तर? कमी असला तर? मातीतून तारेचं टोक दिसावं तसा तो दिसायला लागला. हात लावावा की लावू नये? सुभेदार गप्प बसले. मॅनेजर पेन फिरवत राहिला. तेवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा खोलीची थंडी बंद पडली होती आणि माल खराब व्हायला लागला होता. मॅनेजर ताडकन उठला.

"सर, बाहेर बाकावर बसा पाच मिनिटं. थांबा हं, बोलावतो मी."

सुभेदार बाकावर जाऊन थांबले.

आता थांबणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. नव्या भरतीतले असताना एकदा सुरुंगांच्या मैदानात वादळ झालं आणि वाटेच्या सगळ्या खुणा उडून गेल्या. शिकवणारे उस्ताद लांबून ओरडले, "आहात तिथेच थांबा! मी बोलावेपर्यंत हलायचं नाही!" सुभेदार उकिडवे बसून राहिले. पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेही कळेना, पण ते हलले नाहीत. शेजारच्या दोस्ताला वाटलं, वाट आपल्या लक्षात आहे. तो उठला. त्याच्या बायकोला पत्र उस्तादांनी लिहिलं.

त्या दिवसापासून 'थांबा' हा शब्द सुभेदारांच्या हाडात मुरला होता.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. पाच वाजून गेले. कार्यालयातली माणसं डबे घेऊन, आपापसात हसत बाहेर पडली. एकाने जाता जाता निम्मे दिवे घालवले. सुभेदारांना माडीचा जिना दिसायला लागला आणि त्यावरून सावकाश चढणारे काका. दार दहा पावलांवर होतं. उठलं तर कोणी मरणार नव्हतं. हे त्यांना समजत होतं. त्यांच्या पायांना समजत नव्हतं. काटा सहाकडे सरकत होता आणि सुभेदार घामाने निथळत, ताठ मानेने, छप्पर हातचं जाताना बघत बसले होते.

"कोण हो तुम्ही?" सफाईवाल्या मावशी दचकून ओरडल्या.

"थांबलोय. साहेब बोलावणार आहेत."

"कुठले साहेब? ते मघाशीच मागच्या फाटकाने गेले की!"

"मग उठू?"

"आता काय, हात धरून उठवू?"

सुभेदारांनी मावशींना कडक सलाम ठोकला. मावशी आणखीच घाबरल्या.

ते घरी पोचले तेव्हा काका येऊन गेले होते. टेबलावर चहाचे दोन रिकामे कप होते. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. सुभेदार खिडकीजवळच्या खुर्चीत मटकन बसले.

"आकडा सांगितलात?"

"नाही."

"आणि इतका वेळ?"

"थांबायला सांगितलं होतं."

दुसरी कोणी असती तर कपाळावर हात मारला असता. ही नुसती नळ सोडून कप विसळत राहिली.

"घर गेलं ना?" सुभेदारांनी विचारलं.

"नाही. हो म्हटलं मी."

"आणि कर्ज?"

"माझ्या पगारावर. थोडं मिळतं, पण मिळतं. तुमची सगळी रक्कम जाईल त्यात. हातात काही उरणार नाही, म्हणून तसं करायचं नव्हतं. पण बँकेत विचारून ठेवलं होतं मागेच."

"मागे कधी? मी तर सीमेवर होतो."

"म्हणूनच विचारलं होतं."

नळ बंद झाला. ती पाठमोरीच बोलत होती. "तुम्ही गेलात की दर वेळी मी हिशेब मांडायची. हे आले नाहीत, तर लेकीचं शिक्षण कसं, घर कसं, म्हातारपण कसं. सगळं तोंडपाठ आहे मला. हे आले तर काय, तो हिशेब कधी मांडलाच नाही. वाटायचं, मांडला तर फिसकटेल. आणि आता तुम्ही आलात, तर मला काहीच सुचत नाही."

सुभेदारांना एवढी धडकी सुरुंगानेही कधी भरवली नव्हती.

"ऐक," ते म्हणाले. आवाज फाटला. "मला भीती वाटते. तिकडे वाटायची तसली नाही. तिकडे निदान माहीत असायचं, की खाली काहीतरी पुरलंय. इथे सगळी जमीन सारखीच दिसते. उद्या परत जातो त्या साहेबाकडे, आकडाही सांगतो. पण तुझ्या एवढ्या हिशेबांत मी कुठेच नाही. मग मी राहायचं कुठे?"

आयुष्यात ते एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. बायको पदराला हात पुसत समोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, ओठ थरथरत होते. आता ही काहीतरी फार मोठं बोलणार, म्हणून सुभेदार श्वास रोखून बसले.

"अहो," ती म्हणाली, "ही खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. सुट्टीवर यायचात, दोन दिवसांचे पाहुणे, म्हणून कधी बोलले नाही. जरा त्या दुसऱ्या खुर्चीत बसाल का?"