पिवळ्या रंगातली सात नावे

मी एक जुनी वेबसाइट आहे आणि सध्या मी फार घाबरलेली आहे. मित्रांनो, वेबसाइटला कसली आली भीती, असे म्हणून हसू नका. मला पुसून टाकायचे ठरले आहे.

सोळा वर्षांपूर्वी चेंबूरच्या एका खोलीत माझा जन्म झाला. आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचे चिटणीस नंदकिशोरकाका खास कॉम्प्युटरच्या क्लासला गेले आणि त्यांनी मला बनवले. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी आमच्या कोकणातल्या गावी घरोघर जाते. कोणत्या घरी कोणत्या दिवशी जाणार, ते दाखवणे हे माझे काम. नाहूर, मुलुंड, घाटकोपरची माणसे मला पाहून रजा टाकत. "वेबसाइटवर बघितलंस का रे?" असे कोणी विचारले, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

काकांनी एक घोळ मात्र करून ठेवला होता. मजकूर, रंग, चौकटी आणि कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, सगळ्याची त्यांनी एकाच फाइलीत खिचडी केली. साधी तारीख बदलायची तरी त्या गुंत्यात हात घालावा लागे. गेल्या शिमग्याआधी मंडळाच्या निलेशने एक वेळ बदलताना चुकून एक बारीकशी खूण पुसली आणि माझा अर्धा भाग गायब झाला. दिवसभर फोन वाजत होते. कालपर्यंत कौतुक करणारे लोक मला डबडे म्हणू लागले.

मग मुलुंडहून स्वरदा आली. ती मंडळातलीच मुलगी, वेबसाइट बनवण्याचीच नोकरी करते. तिने नवी वेबसाइट बनवायला घेतली आणि मंडळाच्या नाहूरच्या सभेत सगळ्यांना समजावले, "आता मजकूर वेगळा आणि दिसणं वेगळं. लॉगिन करायचं, चौकटीत नाव-तारीख टाइप करायची, सेव्ह. बाकी कशाला धक्का नाही."

"म्हणजे निलेशनं हात लावला तरी चालेल?" काकांनी विचारले.

"एकदम झकास चालेल, काका!"

सगळे हसले, निलेशसुद्धा. मला मात्र कळले, आता आपली गरज उरली नाही. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरे काय?

स्वरदा माझ्यातली नावे एकेक करून नव्या वेबसाइटवर नेऊ लागली. नावे गेली, रंग माझ्यापाशीच राहिले. तेव्हा मला दुसरी भीती वाटली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. माझ्या यादीत सात नावे पिवळी होती. पिवळे नाव म्हणजे त्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तिथे पालखी अंगणात न थांबवता आत खाटेपर्यंत न्यायची. हे काकांनी कुठेही शब्दांत लिहिले नव्हते. पालखी उचलणाऱ्या जुन्या मंडळींना ते ठाऊक होते, तेवढे पुरत असे.

नव्या यादीत ती सातही नावे इतरांसारखीच काळी दिसू लागली. गावी विमलाकाकी चार वर्षे खाटेवर आहेत. वर्षभर त्या एका दिवसाची वाट पाहतात. आता पालखी अंगणातूनच मागे फिरणार! मला ओरडावेसे वाटत होते. पण जे दिले तेवढेच दाखवायचे, एवढेच मला येते.

मला पुसण्याच्या आदल्या दिवशी स्वरदाने पडताळणीसाठी मला आणि नव्या वेबसाइटला शेजारी शेजारी उघडले. ती थांबली.

"काका, ही सात नावं पिवळी का आहेत?"

"घरात कोणी अंथरुणावर असलं, तर पालखी आत न्यायची. सगळ्यांना माहितीये ते."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला? मला नव्हतं माहीत. निलेशला तरी माहितीये?"

काका बोटे मोजू लागले. पालखी उचलणारा दशरथ गेला, त्याचा भाऊ गेला. मग ते हळूच म्हणाले, "मीच राहिलो की गं."

स्वरदाने लगेच प्रत्येक नावापुढे एक नवी चौकट बनवली आणि वर लिहिले, 'पालखी आत खाटेपर्यंत न्यावी'. काका नाव सांगत गेले, ती खूण करत गेली. विमलाकाकींचे नाव पहिले होते. सहा झाली. सातवे नाव काकांच्याच घराचे होते.

"तुमच्याकडे कोण आजारी आहे, काका?"

"कोणी नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग हे पिवळं?"

"दर शिमग्याला काढायला बसायचो. हात धजला नाही."

नऊ वर्षे त्या घरात पालखी रिकाम्या खाटेपर्यंत जात होती. काकांनी स्वरदाच्या हातातून माउस घेतला, सातवी चौकट कोरी ठेवली आणि स्वतःच सेव्ह केले.

मित्रांनो, माझी भीती गेली असे मी म्हणणार नाही. उद्या मी नसेन. पण विमलाकाकींच्या खाटेपाशी पालखी जाईल. तुमच्याकडेही माझ्यासारखे जुनेपुराणे काही असेल, तर खुशाल नवे आणा. फक्त जुने टाकण्याआधी ते बनवणाऱ्याला शेजारी बसवा, हे असे का आणि ते तसे का, विचारा आणि लिहून ठेवा. उशीर करू नका. कधी कधी सांगणारा एकच उरलेला असतो.