पाच नंबरची गाडी

तो आवाज मी दोन दिवस ऐकत होते. वाळूची टेकडी उतरताना मागच्या चाकाकडून कटकट व्हायची. वायरलेसवर सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ऑस्ट्रेलियातलं सिम्प्सन वाळवंट पार करायला निघालेल्या आमच्या ताफ्यात चार गाड्यांत चार जोडपी आणि पाचव्या गाडीत मी एकटी. निघण्याआधीच आमच्या म्होरक्यानं, क्लाइव्हनं, नाक मुरडलं होतं. "सिम्प्सनच्या वाळवंटात एकटी बाई? अगं मर्ल, काही झालं म्हणजे?" आता काहीतरी झालंय हे त्यालाच सांगायचं माझ्या जिवावर आलं. पुढच्या वर्षी मला नेलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी बसलीच. ताफ्यातला डेस गाडीखाली सरपटत गेला आणि वाळू थुंकत बाहेर आला.

"अ‍ॅक्सलला भेग पडलीय. ही आजची नाही, बाई. ऐकू येत नव्हतं तुला?"

"गाणी लावली होती."

"दोन दिवस? कुठल्या बँडची गं?"

मी हसले. खोटं पचलं नाही हे दोघांनाही कळलं.

तीन गाड्यांच्या बॅटऱ्या काढून, एकमेकींना जोडून डेसनं वेल्डिंग केलं. तोवर बाकीचे माशा हाकलत चहा पीत बसले. टाका एक टेकडी टिकला. दुसरीवर अ‍ॅक्सल पार उकलला.

क्लाइव्हनं सॅटेलाइट फोन लावला. बर्ड्सव्हिल गावाहून गाडी उचलून न्यायला ट्रक यायला दोन दिवस लागणार होते. सगळ्यांनी थांबायचं तर पाणी पुरलं नसतं. मला न्यायचं तर जागा नव्हती. सगळ्यांनी मागच्या सीटा काढून तिथं फ्रिज आणि खण बसवले होते. अख्ख्या ताफ्यात रिकामी सीट एकच, माझ्या शेजारची.

"मी बसते मागं फ्रिजवर, तू पुढं बस," क्लाइव्हची बायको नोरीन म्हणाली.

"आणि टेकडीवर डोकं फुटलं म्हणजे? नको गं. पाणी ठेवा, फोन ठेवा. चाळीस वर्षं रात्रपाळी केलेली नर्स आहे मी. मला कसली भीती?"

"नक्की?" क्लाइव्हनं विचारलं.

"नक्की. निघा, ऊन चढतंय."

त्यांनी साठ लिटर पाणी ठेवलं, नोरीननं फळांचा केक दिला. मला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल, मग आम्हीही थांबतो. कुणी म्हटलं नाही. मीच त्यांना तशी सोय ठेवली नव्हती.

धूळ बसली तरी वायरलेस चालू होता. टेकडी पार झाली की प्रत्येक गाडीनं आपला नंबर सांगायचा, शेवटचा नंबर येईपर्यंत पहिल्या गाडीनं थांबायचं, ही आमची रीत.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

"आले सगळे," क्लाइव्ह म्हणाला. "चला."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी माझं बोट बटणावर गेलं आणि तोंडून निघालं, "पाच."

 पलीकडून नोरीनचा आवाज आला. "मर्ल? अगं, परत येऊ का? खरं सांग."

"नाही गं," मी ठणठणीत आवाजात म्हटलं. "चुकून दाबलं गेलं."

"बघ हं."

"जा म्हटलं ना!"

गाड्या गेल्या. मी माईक हुकाला अडकवला आणि मोठ्यानं रडले. ऐकायला कोण होतं?