मी नाही आले तर गॅस बंद करा

सासूबाईंनी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

“जावईबापू, मी औषधं घेऊन येते. दूध ठेवलंय. मी नाही आले तर गॅस बंद करा.”

“हो, आई.”

“नुसतं हो नको. मागच्या वेळी पातेल्याचा कोळसा झाला होता. घासलं कोणी? मी.”

“करतो बंद. जा तुम्ही.”

हे वाक्य या घरात जुनं होतं. सासूबाईंकडून ते लेकीकडे आलं आणि लेकीबरोबर त्याच्या संसारात. बायको शेजारी जरा डोकावायला निघाली तरी दारातून तेच सांगायची. आता बायको नव्हती. तिची आई मात्र इथेच राहिली होती. ‘आता तुम्ही जा’ असं त्याला म्हणवत नव्हतं आणि ‘मी निघते’ असं त्यांना.

कामावर त्याने या वाक्याची युक्ती करून टाकली होती. लांबलांबच्या सर्व्हरांची देखभाल तो बसल्या जागेवरून करायचा. अशा दूरच्या मशीनच्या नेटवर्कला हात घालायचा म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तिच्यावरच कुऱ्हाड चालवायची. एक चूक झाली की आपलीच तार तुटते, आणि चूक सुधारायला आत जायची वाटच उरत नाही. म्हणून बदल करण्याआधी तो त्या मशीनलाच बजावून ठेवायचा: मी अमुक वेळात येऊन तुला थांबवलं नाही, तर तू आपण होऊन सगळं पहिल्यासारखं कर. ऑफिसात सगळे याला ‘दूध ठेवणं’ म्हणायचे. कोणी असल्या कामाला बसलं की पहिला प्रश्न तोच, ‘दूध ठेवलंस का?’

आजचं मशीन एका बेटावरच्या लहानशा हॉस्पिटलात होतं. तिथे मशीनं दोन. जुन्यावरून शहरातले मोठे डॉक्टर पडद्यावर पेशंट बघायचे. त्या जुन्याने आज सकाळी मान टाकली. त्याची नक्कल नव्या मशीनमध्ये ठेवलेली होती, आणि नव्याच्या पोटात ते जुनं पुन्हा चालवता येणार होतं. पण पोटातल्या मशीनलाही बाहेर पडायला वाट हवी. त्यासाठी नव्याच्या आत एक पूल बांधायला हवा होता. कामाच्या भाषेत ब्रिज. अडचण एवढीच, की नव्या मशीनला तार एकच होती. तो जिच्यावरून आत शिरला होता, तीच काढून पुलाला जोडायची होती. हॉस्पिटलचे फोनही त्याच तारेवर, आणि मोबाइलला तिथे रेंज नाही.

फोन वाजला. बेटावरच्या डॉक्टरीणबाई.

“दादा, होईल ना? बाळ कालच जन्मलंय. रडलं की ओठ निळे पडतात. हार्टचे डॉक्टर दुपारी पडद्यावर बघणार आहेत, मग ते ऑपरेशनला जातील. मी बाळंतपणं करणारी बाई. हृदयातलं मला किती कळणार?”

“बोटीने हलवता येणार नाही?”

“समुद्र बघा कसा उसळलाय. बोटी बंद. आणि मशीनच्या खोलीची किल्ली घेऊन आमचे साहेब पलीकडे अडकलेत.”

“किल्ली बरोबर नेली?”

“खिशातून काढलीच नाही. साहेबांचं डोकं इथे आणि किल्ली तिथे, असं कधी झालंय का? दोन्ही एकदमच गायब होतात.”

त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

“दार तोडू का?” त्यांनी विचारलं.

“तोडून काय कराल?”

“तेही खरंच. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“डॉक्टर, आता फोन तुटेल. लगेच परत लागला तर उत्तम. नाही लागला तर—”

“तर?”

“तर थोड्या वेळाने आपोआप पहिल्यासारखं होईल. घाबरू नका.”

हे म्हणताना त्याची जीभ अडखळली. ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर पडल्या पडल्या, बायको हसून म्हणाली होती, ‘मी नाही आले तर गॅस बंद करा.’ तोही हसला होता. तेव्हापासून त्याने पुलाचं एकही काम अंगावर घेतलं नव्हतं. आज ऑफिसात दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

त्याने दूध ठेवलं. मग सगळ्या कमांड एकाच मोटेत बांधल्या, म्हणजे मधेच त्याची तार तुटली तरी काम अर्धवट राहणार नाही. आणि बटण दाबलं.

फोन तुटला. पडदा गोठला.

नीट झालं तर एका श्वासात परत येतं. त्याने श्वास सोडला. पुन्हा घेतला. पडदा तसाच. उगाच दोन-चार बटणं दाबून पाहिली. काही उमटेना.

आता वाट बघण्याशिवाय हाती काही नव्हतं. दूध ठेवलं होतं, पण बरोबर ठेवलं होतं का? परत फिरायच्या कमांडमध्ये एखादं अक्षर चुकलं असेल तर? तिकडे बाळाचे ओठ, आणि फोनसुद्धा त्यानेच मारलेला. बाई दार तोडायला निघाल्या असतील. तोडून त्या काळ्या डब्याकडे नुसत्या बघत उभ्या राहतील.

चर्रर्र आवाज झाला. तो धडपडत उठला. दूध पातेल्यावरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर चाललं होतं. त्याने गॅस बंद केला आणि ते तसंच सोडून पुन्हा पडद्यासमोर येऊन बसला.

फोन वाजला तेव्हा तो दचकलाच.

“दादा? आला! फोन आला! झालं का?”

“नाही. पहिल्यासारखं झालंय फक्त.”

“म्हणजे नाहीच झालं.”

“पण बिघडलंही नाही. एक संधी अजून द्या.”

चूक लगेच सापडली, आणि त्याने कपाळावर हात मारला. तिथला राउटर म्हणजे खडूस रखवालदार. प्रत्येक नेटवर्क कार्डाचा एक नंबर असतो, आणि ओळखीचा नंबर असेल त्यालाच तो सोडायचा. पूल नवाच नंबर लावून उभा राहिला होता. त्याला कार्डाचाच नंबर द्यायचा, आणि पोटातल्या मशीनला मेलेल्या जुन्या मशीनचा. एवढं साधं. पूर्वी हे तो झोपेतही विसरला नसता.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याने एकेक ओळ मोठ्याने वाचली. पुन्हा दूध ठेवलं. या वेळी जरा जास्त मुदतीचं, कारण पुलानंतर पोटातलं मशीनही चालू करून बघायचं होतं. बटण दाबलं.

फोन खरखरला, पण तुटला नाही. पडद्यावरची खूण लुकलुकली. तो आत होता, पुलावरून. पोटातलं मशीनही कुरकुर न करता उठलं.

“दिसले!” बाई ओरडल्या, आणि मग एकदम हळू आवाजात, “हार्टचे डॉक्टर दिसतायत. बाळाला घेते. ठेवते मी.”

तो मागे टेकला. मग फडकं घेऊन त्याने ओटा पुसला, मग जमीन पुसली, फडकं धुतलं, आणि पुन्हा पुसली.

सासूबाई पिशवी घेऊन आत आल्या.

“मेली रांग हलेना. माझ्यापुढे एकजण दुकानदाराला स्वतःचं पोट दाखवत होता. गॅस बंद केला का?”

“केला, आई.”

त्यांनी पातेल्यात डोकावलं. “कधी? दूध गावभर हिंडून आल्यावर?”

“थोडं गेलं उतू.”

“थोडं! खरंच बंद केलाय ना?”

त्यांनी स्वतः हात लावून गॅसचं बटण चाचपलं. त्या हाताकडे तो बघत राहिला. बोटं अगदी तिच्यासारखी. तीही असंच करायची. त्याने कितीही सांगितलं तरी स्वतः चाचपल्याशिवाय हलायची नाही.

आणि त्याचं धाबं दणाणलं.

तिकडचा गॅस चालूच होता.

बेटावरचं मशीन मुदत मोजत बसलं होतं. मुदत संपली की ते इमानेइतबारे पूल पाडणार, तार पहिल्या जागी लावणार, आणि बाळ तपासता तपासता मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पडद्यावरून पुसला जाणार. त्यानेच तसं सांगून ठेवलं होतं.

खुर्ची कलंडली. त्याने कमांड लिहिली, चुकली. खोडली, पुन्हा लिहिली. मशीनने एका ओळीत कळवलं, थांबवलं.

किती वेळ उरला होता ते त्याने बघितलं, आणि बघायला नको होतं असं त्याला वाटलं.

“काय झालं? पांढरे का पडलात?” सासूबाईंनी खुर्ची उचलली.

“काही नाही. गॅस राहिला होता.”

“आत्ता तर म्हणालात केला म्हणून!”

“हा नाही. दुसरा.”

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. खुर्ची नीट लावली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

त्याने बदल कायमचा करून टाकला, तीनदा तपासला, आणि फोनकडे बघत बसला. बराच वेळ तो वाजलाच नाही. वाजला तेव्हा उचलायचं धैर्य होईना. शेवटी सासूबाईंनीच उचलून त्याच्या कानाला लावला.

“दादा, औषध सुरू केलंय. ओठांना रंग आलाय. समुद्र निवळला की हलवायचंय, तोवर हार्टचे डॉक्टर पडद्यावर लक्ष ठेवणार आहेत. तार टिकेल ना?”

“टिकेल,” तो म्हणाला. मग पडद्यावर एकदा नजर टाकून पुन्हा म्हणाला, “टिकेल.”

“कोण होतं?” सासूबाईंनी विचारलं.

“एक बाळ आहे.”

“कोणाचं?”

“माहीत नाही, आई.”

त्यांनी राहिलेलं दूध पुन्हा तापवलं आणि पातेलं कलतं करून दोन कपांत ओतलं. दोन्ही कप अर्धेच भरले.

“एवढंच उरलंय,” त्या म्हणाल्या. “घ्या, निवायच्या आत.”